कमलीच्या बापाचे भेदरं

माहं माहेर नरखेडाकडलं, ताई. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत रखवालीले, माय कापूस वेचे, अन् आमी भावंडं बांधावरच वाढलो. तिथी भेदरं कोनी लावत नोहोतं. भेदरं म्हंजे तुमचे ते टमाटे. उकिरड्यावर आपल्यानंच उगवत, बोरायेवढे, आंबटढोन, जाता येता तोडायचे, चटनीत टाकायचे, झालं. त्याले काडी लावनं, त्याच्यासाठी जीव टाकनं, हे सारं मी लग्न होऊन नागपुरात आली तवा पाह्यलं, अन् पाहून जे किळस आली ते आजवर गेली नाही.

माहा नवरा सरकारी हापिसात बाबू होता. मी त्याले कमलीचा बाप म्हनते, नाव घेत नाही, रीत म्हना का राग म्हना. कमली आमची पोरगी, एकुलती एक. दोन खोल्यायचं क्वार्टर, मागं आंगन, आंगनाच्या कोपऱ्यात संडास. तिथी हिवाळ्यात क्वार्टरवाल्यायची बागेची स्पर्धा होये, सायबाची बायको घरोघर फिरून पाहे, अन् ज्याचा पयला नंबर त्याले सायेब बंगल्यावर बोलावून चाय पाजे. आमच्या मानसाच्या डोक्यात ते चाय शिरली. चाय तं मी रोज पाजतच होती, पन ते सायबाच्या कपातली नोहोती ना.

काय काय सांगू तुमाले. बाजारातून मासोळ्यायचे मुंडके आने अन् झाडाच्या बुडाशी गाडे. मी म्हटलं अवो, वास येते, घास उतरत नाही, तं म्हने खत हाय वं ते, तुले काय समजते. रस्त्यावरचे कुत्रे येऊन उकरत अन् मुंडके माह्या चुलीपाशी आनून टाकत. मंग किडीसाठी तमाखू उकळे, अन् कशात उकळे, तं माह्या वरनाच्या गंजात. राखेनं घासला, चिंचेनं घासला, तरी वरनाले तमाखूचा वास, पोट्टी खाये अन् थुके. अन् त्या अळ्या. हिरव्या, बोटासारख्या जाड, पानाखाली चिपकून राहत. तो हातानं काढे, अंगठ्यानं चिरडे, अन् तोच हात धोतराले पुसून पाटावर बसे अन् म्हने वाढ. मी वाढे. वाढल्याबिगर भागते का बाईचं. पन त्याच्या हाताकडं पाहत नोहोती.

भेदरं लागले मातर, खोटं काहून बोलू. मोठे, लालबुंद, मुठीत मावत नोहोते. पन तो घरात एक खाऊ देईन तं शपथ. म्हने स्पर्धा होऊ दे, मंग खा काय खायचे ते. कमली तवा लहान, शाळेत नुकतीच जाऊ लागली होती, झाडापाशी हात मागं बांधून उभी राहे, नुसती पाहत राहे. बापानं सांगतलं होतं ना, हात लावशीन तं पाहून घेजो.

एका साली स्पर्धेच्या तोंडावर पानं आकसले, वाटीसारखे वळले. मानसाची झोप उडाली. त्याचा भाऊ गावाकडं कास्तकारी करे, त्याच्याकडं गेला अन् कपाशीवर मारायचं औषध शिशीत घेऊन आला. ढेकनं मारायचा आमचा जो हातपंप होता, त्यात भरलं अन् सकाळी सकाळी साऱ्या झाडायवर मारलं. लसनासारखा उग्र वास, साऱ्या घरात. मी म्हटलं, अवो, हे लेकरावालं घर हाय. तं म्हने किड्यायचं औषध हाय वं, मानसाले काही नाही होत त्यानं. अन् गेला हापिसात.

दुपारी मी न्हानीत कपडे धुऊन राहिली होती. बाहेर आली तं कमली आंगनात बसून, फ्राकवर लाल रस, तोंडातून लाळ गळून राहिली, अंग घामानं ओलं, ओकली होती अन् हातपाय थरथरून राहिले. मी डोये पाह्यले, तं बुबुळातला काळा ठिपका मोहरीयेवढा. शेजारच्या बोंडेबाईनं रिक्षा आनला अन् आपल्या पोट्ट्याले हापिसात धाडलं. मी पोरीले मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. कमलीचा बाप मागून सायकलवर आला.

आता आयका. डाक्टरनं इचारलं, पोरीनं काय खाल्लं. मी ह्याच्याकडं पाह्यलं, काहून का औषधाचं नाव त्यालेच ठाऊक. तो खाली पाहत. डाक्टर परत म्हने, लौकर सांगा. तं हा म्हने, शिळी भाजी खाल्ली असन सायेब. शिळी भाजी. माह्या कानावर इस्वास नाही बसला. पोरगी मांडीवर झटके देऊन राहिली अन् बाप म्हने शिळी भाजी. मंग मीच बोलली, भेदरं खाल्ले तिनं, कपाशीचं औषध मारलेले, लसनावानी वास हाय, नाव मले ठाऊक नाही, ह्यायले इचारा. डाक्टरनं पोरीच्या तोंडाचा वास घेतला, तिचे डोये पाह्यले अन् सुई आनायले पयाला. सुयांवर सुया देल्ल्या. सांजच्याले पोरीचा थरकाप कमी झाला, तवा कुठं मी पानी पेली.

बाहेर वरांड्यात तो मले म्हने, तुले अक्कल हाय का, पोलिसात गेलं असतं, नोकरी गेली असती माही. थुकावंसं वाटलं. खरंच सांगते, तोंडात थुका आला होता, गिळला.

दुसऱ्या दिवशी पोरीपाशी बोंडेबाईले बसवून मी कपडे आनायले घरी आली. तं हा आंगनात. टोपली घेऊन भेदरं तोडून राहिला, अन् एकेक माह्या जुन्या लुगड्यानं पुसून चमकवून राहिला. म्हटलं हे काय. म्हने आज सायबाची बायको येऊन राहिली वं, तिले टोपली द्यायची हाय. म्हटलं तिलेही लेकरं हायेत. तं म्हने पुसून राहिलो ना.

मी टोपली हिसकली. संडासामागं खड्डा केला अन् सारे पुरले. मंग झाडं उपटले, एक नाही ठेवलं. मुळायसंगं मुंडके निंगाले, सडलेले, किडे वळवळत. हात भरले माहे, पन उपटत गेली. तो म्हने लोक पाहून राहिले वं, नाक कापलं तू माहं. अन् सायबाची बायको आली तवा दारातच सांगतलं त्यानं, माही बायको डोक्यानं जरा कमी हाय. साऱ्या क्वार्टरायमंदी तेच सांगत फिरला. मी नाही गेली कोनाले काही सांगाले.

कमली वाचली. आता रामटेकले देल्ली हाय तिले, धानाची शेती हाय, दोन लेकरं हायेत. हा रिटायर झाला. आमी आता मानेवाड्याकडं राहतो, आंगन हाय, पन तिथी मी फक्त तुळस अन् सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर, लावते. बाकी कशाले हात लावू देत नाही त्याले. म्हतारा झाला, हात थरथरते, मीच भात कालवून देते. लोक म्हनते झालं ते इसरून जा. औषध मारलं ते मी इसरली, ताई, मानसाच्यानं चूक होते. पन डाक्टरनं इचारलं तवा तो खाली पाहत होता, ते कसं इसरू. त्याले घास देतानी आजही माहा हात आकडते. देते मातर.

कमलीले यातलं काही ठाऊक नाही. तिले वाटते तापानं पडली होती. बापाचा बहुत जीव तिच्यावर, तिचाही बापावर, आली का पयले त्याच्याच खाटेवर बसते, त्याचे नखं कापते. मी पाहत राहते. तुमी हे लिहान तं पोरीचं नाव बदलजा, तेवढं करा माह्यासाठी. माहा नवरा मले जसा दिसला तसा दिसला, तिचा बाप तिच्यापाशी चांगलाच राहू द्या.