नावावर अंगठा

वॉली: शी! सगळा कॉफीचा चोथा लागलाय. पेपर असा कचऱ्यात टाकतात?

नेरिडा: त्याची लायकीच ती आहे. टाक परत, वॉली.

वॉली: थांब गं. मालिका लिहिलीस तू, पण संकलनाच्या खोलीत डोळे फोडून जोडली मी. काय वाभाडे काढलेत ते मलाही कळू दे.

नेरिडा: वाभाड्यांचं काही नाही रे. थेल्मानं काढलेत! तिच्या हाताखाली मी टीव्हीच्या पानाचं काम शिकले. परवा टेप बघून स्वतः फोन केला, ‘पोरी, जिंकलंस’ म्हणाली. आणि छापलं काय? तोंडावर एक, पेपरात एक. सगळ्या ॲडलेडनं वाचलं असेल. आता रविवारी तिच्याकडे जेवायला मी जात नाही. कधीच नाही.

वॉली: फोन वाजतोय.

नेरिडा: वाजू दे. सकाळपासून तीच करत असेल.

वॉली: बरं बाई. हे बघ, ‘एक मालिका, दोन मतं’. डावीकडे थेल्मा हॅलोरन, उजवीकडे रॉन पिकरिंग. रॉनचं वाचलंस?

नेरिडा: त्या खवीसाचं कशाला वाचू? तो नाताळच्या गाण्यांनाही शिव्या घालतो. थेल्माचा रकाना बघितला, चार शब्द वाचले आणि फेकला.

वॉली: मग ऐक. डावीकडचं. ‘पहिला भाग. घड्याळ तीनदा पाहिलं. जांभया अकरा. दुसरा भाग. उठून बागेला पाणी घातलं. परत येऊन पाहिलं, बाई त्याच खिडकीत. गवताची प्रगती जास्त.’

नेरिडा: पुरे! मीठ चोळू नकोस.

वॉली: थेल्मा जांभया मोजते?

नेरिडा: छे. ती स्वतःला मजकुरात येऊच देत नाही. मोजामोजी रॉनची... आणि हे असं तुकडे तोडून फेकणंही. थेल्माचं वाक्य म्हणजे ग्लेनेलगची ट्राम, सगळे थांबे घेत घेत जाणार.

वॉली: आता उजवीकडचं. तुझ्या खवीसाचं. ‘ती खिडकीशी उभी राहते तेव्हा काहीच घडत नाही असं वाटतं खरं, पण वाऱ्यानं पडदा हलतो, आत दूध उतू जातं, आणि ही आता नवऱ्याकडे परत जाणार नाही हे तिच्याआधी आपल्याला कळतं, आणि हो, तार घेऊन येतो तो म्हातारा पोस्टमन, त्याचं नाव अगदी शेवटी येतं, पण तेवढ्यासाठी टीव्ही बंद करू नका.’

नेरिडा: पोस्टमन! दोन मिनिटांच्या माणसाला हाताला धरून पुढे आणणारी या शहरात एकच बाई आहे. वॉली, अरे, पान लावताना मजकूर वेगळा चिकटवतात आणि नाव-फोटोची पट्टी वेगळी. पट्ट्या उलट लागल्यात!

वॉली: म्हणजे शिव्या रॉनच्याच?

नेरिडा: रॉनच्याच! हुश्श! देव त्याचं भलं करो. अजून घाल म्हणावं!

वॉली: अगं, पुन्हा वाजतोय. आता तरी उचल.

(नेरिडा फोन उचलते. पलीकडचा आवाज इतका मोठा की वॉलीलाही ऐकू येतो.)

थेल्मा: आहेस ना जिवंत? बोट झिजलं माझं फोन फिरवून.

नेरिडा: थेल्मा, मला कळलंय, पट्ट्या उलट...

थेल्मा: कधी कळलं?

नेरिडा: आत्ताच. वॉलीनं वाचून दाखवलं तेव्हा.

थेल्मा: आत्ता! नावावर अंगठा ठेवून, नुसत्या मजकुरावरून लिहिणारा ओळखायला शिकवलं तुला. आणि वर माझा फोटो दिसला म्हणून रॉनच्या जांभया तुला माझ्या वाटल्या?

नेरिडा: नाव बघूनच जीव गेला गं माझा. चुकलं.

थेल्मा: जाऊ दे. दया कर ती रॉनची. सगळे त्याला सांगतायत, शेवटी तुझ्यातही माणूस निघाला. ऑफिसात नुसता थयथयाट चाललाय. उद्या दुरुस्ती छापतायत. रविवारी मटण भाजतेय, येतेस ना?

नेरिडा: येते. थेल्मा... तुला खरंच आवडली ना?

थेल्मा: लिहिलंय की. शेजारच्या रकान्यात.