साहेबांच्या इंजिनाचे वेढे

मी मूळची चामटोलीची, बापाची भातशेती, लग्न होऊन अंबरनाथला आले आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या एका मोटरच्या कंपनीत वाइंडिंगला लागले. वाइंडिंग म्हंजे लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळायची, वेढे मोजून, एक कमी नाय, एक जास्त नाय. काय सांगू तुम्हाला, माझ्यासारखा हात त्या खात्यात कुणाचा नव्हता. मंग एकदा माझ्या हातच्या मोटरी जळाल्या, अख्खा लॉट, आणि तपासणीचे साहेब आले, सगळ्या बायांसमोर म्हणाले, ही बाई वेढे चुकते, हिला पॅकिंगला बसवा. मी चुकले नव्हते, पण साहेबापुढे कोण बोलणार. कंपनी बंद होईपर्यंत मी खोकीच भरली.

आता उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात असते, मिक्सर, पंखे, पंप, येईल ते दुरुस्त करते. मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आले, बदलापूरहून, टॉवेलात गुंडाळलेलं खेळण्यातलं रेल्वे इंजिन घेऊन, वीतभर, जुनं विलायती, पितळी चाकांचं, विजेवर रुळांवर चालणारं. मी मान वर केली. तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं नाय. शेठला सांगत होते, वडिलांनी आणलेलं, आम्ही दोघं भाऊ यावर वाढलो, भाऊ आता अंथरुणाला खिळलाय, त्याला एकदा हे चालताना बघायचंय, आणि याचे पार्ट कुठे मिळत नाहीत. शेठ म्हणाला, ये काम बाई ही करेगी.

उघडलं तर आतली मोटर जळलेली. साहेब म्हणाले, आधीच्या मेकॅनिकने जाळली. पण मी बघितलं ना, तारेच्या तिन्ही गुंडाळ्या सारख्याच काळ्या, म्हंजे भरताना चूक नाय, करंट जास्त दिलेला. मी तसं सांगितलं. साहेब हळूच म्हणाले, मीच दिला, चालेना म्हणून वाढवत गेलो.

ते समोरच स्टुलावर बसले, हलेनात. तार केसासारखी, जुनी सोडवायची, वेढे मोजायचे, नवी तेवढीच भरायची, आणि आतला गाभा वाकला की संपलं सगळं. तिसऱ्या गुंडाळीला नवी तार माझ्या हातात तुटली. साहेब उठून उभेच राहिले. माझ्या कानात तेच, ही बाई चुकते, ही बाई चुकते. मी तुटलेली तार सोडवली आणि ती गुंडाळी पहिल्यापासून भरली.

जोडून करंट दिला, चाकं हलेनात. साहेबांचा चेहरा पांढरा. मी परत उघडलं, करंट आत पोचवणारा कार्बन घासून बसवला, परत दिला, आणि चाकं फिरली, आधी अडखळत, मंग एकसारखी. साहेबांनी डोळे पुसले, विचारलं, बाई, कुठे शिकलात?

म्हटलं, अंबरनाथला, साहेब. तुम्ही मला पॅकिंगला बसवलं होतं.

ते परत स्टुलावर बसले. मंग म्हणाले, त्या लॉटची तारच खराब होती. मला महिन्याभरात कळलं होतं.

मी विचारलं, मंग सांगितलं का नाय?

म्हणाले, ती तार मीच पास केली होती. त्यावर माझी सही होती.

मी इंजिन टॉवेलात गुंडाळून दिलं, म्हटलं, जावा, भाऊ वाट बघत असतील, करंट हळूहळू द्या.

आता राग गेला असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्या भावाचं काय चुकलं, त्याला डोळे भरून बघायला मिळालं असू दे, देवा, एवढंच म्हणते मी.