तळ्याचा नववा थर

कर्जत स्टेशनात भर दुपारी कोंडाजी डोक्यावर घोंगडी ओढून मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर गावच्याच दोघी येऊन टेकल्या.

"अंबे, गोरा सायेब आपल्या तळ्यात नळ ठोकून गाळ कशाला काढतोय गं?"

"उत्तरंच्या टोकाला, बरफाच्या मुलखात बी त्यो गाळच काढायचा. तळाला दर सालाला गाळाचा एक थर बसतो. थर मोजून कंच्या साली किती थंडी व्हती त्ये सांगतो."

"थापाडी मेली!"

"तुजी आण, बायजे! आपल्या तळ्यात नवव्या थराला हिरवी बांगडी निघाली. हाडासकट."

"नऊ वरसं? कोंडाजीची बायकू तवाच मुंबैला पळाली नव्हं?"

"पळाली असं त्योच सांगतो."

गाडी आली. कोंडाजी खाली मान घालून उठला.

"कोंडाजी," अंबाबाई हळूच म्हणाली, "मुंबैला बायकू भेटली तर सांग रं, तिची बांगडी घावली."