हरणछाप लेमन आणि पळसाचे डोने

तोच तो किस्सा मले कायले सांगाले लावता गा? चहा पाजला म्हणून सांगतो, पण मधात कोणी बोलाचं नाही.

गोंदियात हरणछाप लेमन नावाचा लिंबाचा सोडा नवीन निघाला, तेव्हा मी त्याच्या पेट्या वाहत होतो. आमच्या इकडच्या प्रतापगडच्या, महादेवाच्या डोंगरावरच्या जत्रेत कंपनीचा एजंट मले म्हणे, "आज माल खपला नहीं तो तेरी छुट्टी." अन् स्वतः मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या तंबूपुढं बाटल्या मांडून बसला. मालगुजार किती? चार! इकडं शेकडो बाया डोंगर उतरून राहिल्या, बाटल्यांकडं पाहतेत अन् पुढं जातेत.

मी एकीले विचारलं, "काऊन वो बाई, तहान नाही लागली?"

"लागली ना रे बाप्पा! पर सासऱ्यापुढं बाटली तोंडाले लावली, तर दारू पेली म्हनतीन."

मी मिठाईवाल्याकडून पळसाच्या पानाचे डोने आणले अन् लेमन त्यात ओतू लागलो. एजंट भर जत्रेत वरडला, "अबे गँवार! बोतल की इज्जत मिट्टी में मिला दी!"

मी म्हटलं, "तहान बोतलले लागली का जी?"

बायांनी नुसती झुंबड केली. ऊन उतराच्या आत सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. पुढच्या साली कंपनीनं गावोगावच्या भिंतीवर चित्र काढलं: डोईवर पदर, हातात डोना, डोन्यात हरणछाप. त्यामागचं डोकं या दुसरी नापास हमालाचं होतं, हे कंपनीच्या सेठनं चारचौघांत कबूल केलं.

गँवार म्हणणाऱ्यानं मात्र अजून माफी मागितली नाही. त्याचं नाव रामसेवक दुबे, ध्यानात ठेवा.