आंदनातला मागचा टायर

नाई, तो नको. मघापासून हेच सांगून राह्यलो — तो नको मले. टांग वापस त्याले खुटीवर. टायर मागचाच पायजे, बॅटरीच्या सायकलचाच पायजे, मापही तेच पायजे, पन हा नको. काहून नको म्हंजे? नको म्हंजे नको. गिऱ्हाईक मी हाय का तू? तुह्या बापाच्या वक्तापासून येतो म्या या दुकानात, मेहबूब — तवा तू अठी टूबचे तुकडे घेऊन बैल बैल खेळे, आन् आज मले टायरातलं शिकवून राह्यला. पैशाचं नाई म्हनत मी. आनले पैसे. तू दुसरा दाखव.

पयले चाक त पाय नीट. मधातून रबर सारं गेलं, आतलं कापड दिसून राह्यलं. पुढचा टायर अजून नवाच्या नवा हाय — जोर साराच मागच्यावर, बसनाऱ्याचं वजन त्याच्यावर, मोटरबी त्याच्यातच. आन् हे चाक म्या येष्टीत मांडीवर घेऊन आलो, इंझोरीपासून. हसू नको. मोटरसकट बोकडाएवढं भरते. कंडक्टर म्हने, बाबा, खाली ठेवा. म्हटलं, तुह्या मायनं तुले खाली ठेवलं होतं का रे येष्टीत? तिकीट फाडून पुढं सरकला. वायर म्याच सोडवली, तू दाखवली होती तशी, चिमटा दाबून — आमच्या गावातला पंक्चरवाला त हातच नाई लावत, करंट मारते म्हनते. करंट मारते म्हने! बायकोचा मार खाते, करंटले भेते.

हां, तो. तो पतला, तिकडचा. हाव, हाच. हाच दे मले. हलका हाय, दाबला का वाकते, बॅटरीबी कमी खाईन. तुह्या त्या जाड्याचं माईत हाय ना मले, बहिरा नाई मी — त्याच्या पोटात येगळी पट्टी हाय, काटा टूबपर्यंत पोचत नाई, दगडानं बाजू फाटत नाई, मोठमोठ्या गाठी हायत चिखल धराले, एकडाव चढवला का वर्सानुवर्सं पाहाले नको. तेच त — नाई, काई नाई. बॅटरी खाते तो, म्हून म्हटलं. चढावर सायकल दम टाकते.

होईन ना पंक्चर, माईत हाय. आमच्या पांदनीत हत्तीचा पाय पंक्चर होईन. तो लखन हाय ना, आमच्या वावराच्या धुऱ्याले ज्याचा धुरा लागते — तो दरसाली वावराले कुंपन कराले बाभळीच्या काट्या तोडते आन् बैलामांगं फरफटत नेते साऱ्या पांदनीतून. बंडीत घालून ने म्हटलं त नाई. काट्याची पेरनीच करते वाटेवर. लय भांडलो मी त्याच्याशी, एका सालाले त पोलीस पाटलाकडे गेल्तो. यंदा नाई बोललो. समोरून फरफटत घेऊन गेला, म्या बांधावर बसून बिडी ओढली. काहून म्हंजे? अशेच. म्हातारा झालो. तू त असा पाहून राह्यला जसा म्याच काटे टाकले.

बरं मले एक सांग, खरं सांग — हा पतला चढवला त किती दिवसात हवा बसन? महिन्यात? चांगल्या डांबरी सडकेवर चालवली तरीबी? मंग जरासा उशीर लागन म्हनतं. पन बसन. बसन ना नक्की?

डोकं नाई फिरलं माहं. डोकं जाग्यावर हाय, तू टायर उतरव जुना. आता अशी गोष्ट हाय का पंक्चर झालं का तिचा फोन येते. "बाबा, बसली गाडी." बस, येवढंच बोलते, आन् म्या कुठी म्हनून ईचारतो आन् निंघतो. तिचा म्हंजे सुनेचा, पल्लवीचा. तुले माईत हाय ना, उपकेंद्रात नर्स हाय, या गावातून त्या गावात बायाले तपासत, लेकराले डोस पाजत फिरते. सायकल असी भारी, हवा गेली का बाईमानसाच्यानं ढकलवत नाई. मंग म्या बैल जुपतो, बंडी घेऊन जातो. सायकल बंडीत आडवी टाकाची, तिनं मांगच्या बाजूनं बसाचं पाय सोडून. गाववाले हसतेत, ते पाय म्हने, बॅटरीची गाडी बैलानं ओढून राह्यला ग्यानबा. हसा म्हटलं, बत्तीशी पडेपर्यंत हसा.

घरात बोलत नाई ती, मेहबूब. बंडीत बोलते. धम्मपाल गेला तवापासून आमच्या घरात कोनी कोनाशी बोलेच ना — तू मयतीले आल्ता, पाह्यलं तू. पोरगा पुन्यातून आला तो पिवळा होऊनच आला, कावीळ झिरपली होती अंगात, आन् अकोल्याच्या दवाखान्यातून आनला तो पांढऱ्या कपड्यातच. सायकल त्याचीच ना. त्याच्या कंपनीतले पोट्टे रविवारी डोंगर चढाले जात, म्हून यानंबी घेतली, मंग गावी घेऊन आला. म्या शिव्या देल्ल्या, इंझोरीत डोंगर कुठी हाय बे? तर म्हने, बाबा, आपली पांदन काय डोंगरापेक्षा कमी हाय का. हसे लय. तो गेल्यावर सायकल उभी होती भितीले टेकून, कोंबड्या बसत तिच्यावर. मंग एका सकाळी पल्लवीनं तिले पुसली आन् डुटीवर घेऊन गेली. कोनाले ईचारलं नाई, सांगितलं नाई. माही बायको पंचफुला काई म्हनाले गेली, म्या डोळे वटारले तिच्यावर. त्याच हप्त्यात पयलं पंक्चर झालं. म्या बंडी घेऊन गेलो, आन् वाटेनं ती बोलली. कोन्या बाईचं लेकरू उलटं होतं, कसं फिरवलं, असं काई सांगत होती — मले काय समजते त्यातलं! म्या नुसतं हूं हूं केलं. पन बोलली. घर आलं का गप. मंग दुसऱ्या पंक्चरले धम्मपालचं बोलली. तिसऱ्याले हसली. आता सांग, म्या लखनशी भांडू कायले?

नाई, च्या नको. साखर झाली मले, पल्लवी पिऊ देत नाई.

आन् बंडीतच म्या तिले म्हटलं होतं. कोनाच्याच तोंडून निंघेना घरात, म्हून म्याच म्हटलं — पोरी, तू लग्न कर. बंडीनं वडा ओलांडला. मंग म्हने, बाबा, मी जड झाली का तुमाले? आता मले गोड बोलता येत नाई, तुले माईत हाय. म्या म्हटलं, जड त ही सायकल हाय, तिले आनतोच ना मी. आन् बैलाले एक ठेवून देल्ला, काई कारन नोतं बिचाऱ्याचं. ती मांगं बसून रडत होती, म्या पुढं. एकमेकाकडं पाठच होती, बरंच होतं ते.

पाह्यला मंग पोरगा. म्याच पाह्यला, शिरपूर जैनचा. आमच्याच समाजाचा हाय, त्याचीबी बायको वारलेली, लेकरू नाई. येष्टीच्या डेपोत मेकॅनिक हाय. चार डाव गेलो त्याच्या घरी, सांगितल्याबिगर जाऊन पाह्यलं — दारू नाई, मायशी नीट बोलते, घरात बाबासाहेबाच्या फोटोवरची धूळ रोज पुसते. खोट काढाले गेल्तो खरं सांगू का, एकबी नाई सापडली, लय राग आला मले. परवा लग्न हाय. विहारात, आमच्याच गावच्या. तिचे मायबाप नाई, भाऊ सुरतेले, तो म्हने तिकडे लावून देतो. म्हटलं, नाई. माप ओलांडून माह्या दारात आली ती, माह्या दारातूनच जाईन. बदलीबी झाली तिची, तिकडच्या उपकेंद्रात. सारं जमलं. सारं म्याच जमवलं!

आन् लेक सासरी चालली त बापानं आंदन देनं आलं. लोक म्हनतेत, सासऱ्यानं सुनेले आंदन देल्लेलं आयकलं नाई कधी. नसीन आयकलं. पंचफुलानं भांडे देल्ले, गादी देल्ली, कपाट देल्लं. म्या म्हटलं, सायकल माह्याकडून. तवा पंचफुला उसळली. म्हने, माह्या पोराची येवढी एकच वस्तू उरली, तीबी शिरपूरले पाठवता? दुसऱ्याच्या दारात उभी राहीन ती? म्या म्हटलं, मंग आपल्या दारात काय करन, कोंबड्या बसतीन. जेवली नाई ती. रातभर तिकडं तोंड करून होती. सकाळी उठून पाह्यतो त अंगनात सायकलीजवळ बसून एकएक तार पुसून राह्यली होती पदरानं. मांगचं चाक पुसता पुसता म्हने, अवो, हे त फाटलं, असं देता का पोरीले? आता समजलं तुले कायले आलो मी?

म्हून सांगतो, हा पतलाच चढव. मोठं भोक नाई पडलं तरी चालन. अशेच कधीमधी बसली पायजे हवा, महिन्यातून — दोन महिन्यातून एखाद डाव. येवढंच.

काय म्हनतं?

परत म्हन.

हां. हाव. तेबी हाय.

शिरपूरपर्यंत बंडी जात नाई. आन् ती काहून मले फोन करन — घरात मेकॅनिक हाय. येष्टीचे येवढे मोठे टायर उतरवनारा मानूस, त्याले सायकलचं पंक्चर म्हंजे काय? त्यालेच करन ती फोन. "बसली गाडी." आन् तो येईन डेपोतून, हात पुसत. तसंच पायजे. तसंच पायजे ना, मेहबूब? म्याच त पाह्यला तो तसा. म्या चार डाव जाऊन पाह्यलं, दारूचं पाह्यलं, मायचं पाह्यलं, आन् हे काहून नाई सुचलं मले साल्याले. रातभर हाच हिशोब करत होतो मी, पतला घ्याचा, पतला घ्याचा. आन् तिकडं नवीन रस्ता, ओळखपाळख नाई, अंधार पडून राह्यला, पोरगी एकटी त्या भारी सायकलजवळ उभी, तो डुटीवर अडकला, फोन उचलत नाई — आन् म्या अठी खुस होऊन बसीन का, पंक्चर झालं म्हून? असा बाप असते का?

फेक तो पतला. फेक बे, हात नको लावू त्याले. तो जाडा काढ खुटीवरून. हाव, पट्टीवालाच. आन् त्याच्या आतून आनखीन एक जुन्या टूबची पट्टी फिरव, गोल, सारीकडून — तुह्या हिशोबानं गरज नसन, माह्या हिशोबानं हाय. खिळा घुसला नाई पायजे, काच घुसली नाई पायजे. बॅटरी खाते त खाऊ दे. बाजूवरचा बाण पाय पयले, गेल्या डाव म्या उलटा चढवला होता त पल्लवी लय हसली होती. जोर लाव, बोटानं नाई बसनार ती कड, पाना घाल. सरक, म्या धरतो इकडून. धरतो म्हटलं ना! हाताले काई झालं नाई माह्या, डोळ्याले झालं असन.

म्याच फोन लावाचा? तिले?

लावता येत नाई मले. उचलता येते. हिरवं दिसलं का दाबाचं, येवढं पल्लवीनंच शिकवलं होतं, बंडीत बसून. लावाचं शिकवत होती, म्या म्हटलं, मले कोनाले लावाचा हाय, तू घरातच त रायतं. — नको, नको शिकवू. ठेव तो फोन खाली. बापाचा फोन आला त ती समजन अठी काई झालं, नवीन घरातून हातातलं टाकून धावत सुटन. बरं दिसते का ते? परवा लग्न हाय तिचं.

हवा भर. टाईट भर, दगडासारखा झाला पायजे. आन् आता बोलू नको माह्याशी.