जपानी की अमेरिकन

आमच्या मालवणातल्या दिलीपला बाजारातलं किती कळतं, ते ऐका. त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने, नंदूने, दोघांच्या मोबाईलच्या दुकानात हातात धरून खेळायचे गेम कन्सोल आणले. दिलीपने जपानी, नंदूने अमेरिकन. कुठला खपणार यावरून दोघांची रोज जुंपायची.

"जपानीच चालतलो! बॅटरी बघ त्याची," दिलीप मला सांगायचा.

"ताकद अमेरिकनात आसा. तेका काय कळता?" नंदूही मलाच सांगायचा. साधा ताजा बांगडा ओळखता येत नाही, आणि हे मला जगाचा बाजार शिकवणार!

चतुर्थीला मुंबईहून आलेला एक चाकरमानी दुकानात शिरला. दोन्ही कन्सोलवर मनसोक्त खेळला. दोघे श्वास रोखून उभे. शेवटी दिलीपने विचारलं, "मगे, खंयचो देऊ?"

"दोनय माज्या घराक पडले आसत. येस्टीक येळ आसा म्हणान खेळलंय. मी खेळतंय मोबायलारच. ह्येची काच तेवढी बदलून दी."

तसे दोघेही त्या मोबाईलवर तुटून पडले.

"माजो गिऱ्हाईक!"

"तुजो कसो? माज्या कन्सोलार जास्त खेळलो!"

त्या ओढाताणीत गिऱ्हाइकाने आपला मोबाईल हिसकावला आणि काच समोरच्या दुकानातून लावून घेतली.