शिडीचा अर्थ

…आणि पुन्हा तोच प्रश्न! सत्कार माझा, हार माझ्या गळ्यात, आणि पहिल्या रांगेतले गृहस्थ उठून विचारतात, ‘तुमच्या नाटकाचं नाव ‘शिडी’. अख्ख्या नाटकात शिडीबद्दल एक वाक्य नाही. मग शिडी म्हणजे नेमकं काय?’ आता मी काय सांगणार?

तुम्हाला सांगतो, मी सात नाटकं लिहिली, पण एकाचंही नाव मी ठेवलेलं नाही. ते खातं आमच्या हिच्याकडे. मी लिहिलेले कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचे, हिने भाजी निवडता निवडता वाचायचे, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव लिहून परत करायचे. चर्चा नाही, अपील नाही. एकदा धीर करून ‘हेच का?’ विचारलं, तर म्हणाली, ‘मुलीचं नाव ठेवलं तेव्हा विचारलंत का?’ संपलं!

गेल्या वर्षी ही गेली. पाहुणे पांगल्यावर टेबल आवरायला घेतलं, तर माझं नाटक तिथेच. पहिल्या पानावर, पेन्सिलीने, तिच्या अक्षरात: शिडी.

आता नाटक कशावर? दोन भाऊ आणि त्यांचा बंद पडलेला छापखाना. तोही तळमजल्यावरचा! त्यात शिडी कुठून आली? पण हिने लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच. आणि विचारायचं तरी कुणाला?

दिग्दर्शकाला नाव सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. ‘सर! पायऱ्या आहेत, पण घर नाही!’ लगेच रंगमंचाच्या मधोमध बारा फुटी शिडी उभी! तालमीत दोन्ही भाऊ तिच्यावर आपटायला लागले. धाकट्याच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं, तर हा ओरडतो, ‘पुसू नका, झाकू नका! व्यवस्थेचा आघात आहे तो!’ एका समीक्षकाने लिहिलं, मोक्षाचा मार्ग. एका प्राध्यापिकाबाईंचा फोन, ‘पायऱ्या नऊच का हो?’ अहो, मी मोजल्यासुद्धा नव्हत्या! आता मी काय सांगणार?

पण गप्प बसलो असं वाटतं तुम्हाला? छे! बाईंना म्हणालो, ‘तुमच्या बरोब्बर लक्षात आलं.’ एका मुलाखतीत शिडी म्हणजे महत्त्वाकांक्षा, दुसरीत एकटेपणा, आणि रेडिओवर तर ‘शिडीला टेकायला भिंत लागते’ असं म्हणून माझा मीच गहिवरलो! आणि घरी आलो की रोज ते पहिलं पान काढून बसायचो. जगाला दहा अर्थ सांगून झाले होते, हिच्या मनातला एक काही सापडत नव्हता.

मग एका रविवारी खालच्या मजल्यावरचे रंगारी आले. त्यांना पास दिला होता. म्हणाले, ‘नाटक झकास. शिडी बघून मला माझी आठवली. वहिनींनी नेली होती, माळ्यावरच्या गाद्या काढायला. म्हणाल्या, परत द्यायची विसरेन, आताच लिहून ठेवते. काम मिळालंय उद्या, नेऊ का?’

गॅलरीत उभी होती हो! वर्षभर! आंघोळ झाली की मी रोज तिच्यावरच टॉवेल वाळत घालत होतो! त्यांच्याबरोबर मीच ती खाली पोचवून आलो.

मुलीला फोन केला. आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, ‘बाबा, म्हणजे आईने नाव ठेवलंच नाही?’

‘तिचं वाचून व्हायचं होतं गं.’ नाटक नव्वद पानांचं. एकेचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

आता हे सत्काराला सांगायचं? ‘मंडळी, शिडी म्हणजे शिडी’? हार काढून घेतील! आता मी काय सांगणार?

त्यात आता नवं नाटक झालंय. सवयीने टेबलावर ठेवलं. दोन आठवडे नुसतं पडून. परवा सकाळी दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता लक्षात आलं, दूधवाला अजून लिटरभर टाकतोय आणि पिणारा मी एकटा. विसरायला नको म्हणून हाताशी आला त्या कागदावर लिहिलं: ‘उद्यापासून अर्धा लिटर’. बघतो तर नाटकाचं पहिलं पान!

खोडणार होतो. मग म्हटलं, राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी नाव ठेवलंय, आणि त्याचा अर्थही मला ठाऊक आहे. तसंच दिग्दर्शकाकडे पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन, ‘सर, हे नको. यात काही अर्थच नाही हो!’

म्हटलं, बरं.

सकाळी दूधवाल्याला तेच सांगितलं, शब्दाला शब्द. त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी एकही प्रश्न न विचारता अर्धा लिटर मोजून निघून गेला.